मैत्रीची अर्थव्यवस्था आणि कलावंताचा वेळ

कोची-मुझिरिस बिएनालेचे सहावे प्रदर्शन १२ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले. आरंभीच्या खेपेनंतर जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी यांच्यासारख्या मुंबईच्या कलावंतांनी या द्वैवार्षिक प्रदर्शनाचे संयोजन एकेकट्याने केले होते. या वेळी ती सूत्रे निखिल चोप्रा आणि त्यांच्या गोव्यातील 'एचएच आर्ट स्पेसेस' या मंडळीकडे सोपविण्यात आली. एचएच हे संग्रहालय नव्हे आणि चित्रविक्रीची गॅलरीही नव्हे. कलावंतांनीच चालविलेले ते एक घर आहे. तेथे देशोदेशींचे चित्रकार, नर्तक, प्रयोगकलावंत काही आठवडे येऊन राहतात, स्वयंपाकघरात एकत्र जेवतात, काम करतात आणि परत जातात. अशा व्यवस्थेला कलाजगतात 'रेसिडेन्सी' म्हणतात. मराठीत तिला कलानिवास म्हणावयास हरकत नाही. साठाहून अधिक कलावंतांचे व कलासमूहांचे एवढे मोठे प्रदर्शन एका कलानिवासाच्या हाती जावे, ही घटना केवळ कलासमीक्षकांपुरती महत्त्वाची नाही. संयोजकांनी आपली भूमिका मांडताना 'मैत्रीची अर्थव्यवस्था' अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. कलावंतांच्या संस्था वर्षानुवर्षे परस्परांच्या स्नेहावर, उसनवारीवर आणि पाहुणचारावर तगून राहिल्या, तोच स्नेह या प्रदर्शनाचा सांगाडा आहे, असा त्याचा आशय.

शब्द गोड आहे. पण तो तपासून घेण्यासारखा आहे. जेथे व्यवहार मैत्रीवर चालतो तेथे खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतो आणि जमाखर्चाच्या वहीत चढत नाही, एवढेच. पाहुण्या कलावंताला महिनाभर मोफत खोली मिळते तेव्हा त्या खोलीचे भाडे कोणीतरी भरलेले असते. यजमान कलावंत स्वतःचे चित्र बाजूला ठेवून पाहुण्याच्या व्हिसाची कागदपत्रे भरत बसतो, त्या दिवसांचीही काही किंमत असते. निरनिराळ्या कलानिवासांतील कलावंतांना एकत्र आणणारी समूहप्रदर्शने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जी वाढली, त्यांचा आर्थिक पाया अशा न नोंदलेल्या श्रमांचा आहे. म्हणूनच त्यांचा पैसा कोठून येतो आणि त्या पैशाबरोबर आणखी काय काय येते, हे पाहिले पाहिजे.

कलानिवास प्रत्यक्षात देतो काय? रंग-कॅनव्हास तो क्वचितच देतो. कीर्ती तर देऊच शकत नाही. तो देतो वेळ. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या अर्थकारणावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा असा होता की यंत्रामुळे इतर उद्योगांत एका माणसाचे उत्पादन वाढत जाते, पण चौघांनी वाजवावयाच्या चौकडीला आजही चौघेच लागतात आणि तेवढीच मिनिटे लागतात. चित्रकाराची गोष्ट काहीशी निराळी असली तरी फारशी दूरची नाही. एखादा विचार हातात मुरण्यास जो काळ लागतो तो आखडता येत नाही, आणि शहरातील घरभाडे मात्र त्या काळासाठी थांबत नाही. राजाश्रयाच्या जुन्या पद्धतीत या काळाचा भार दरबार उचलीत असे. फ्रान्सच्या राजसत्तेने १६६६ साली रोममध्ये अकादमी स्थापून तरुण कलावंतांना तेथे ठेवण्याची प्रथा पाडली, तीतही कल्पना हीच होती. मात्र त्या मोबदल्यात कलावंताने राजाच्या अभिरुचीची सेवा करावयाची होती. आधुनिक कलानिवासाचा दावा असा की येथे मोबदला नाही. हा दावा कितपत खरा, याचा विचार पुढे येईलच.

मुंबईला ही कल्पना परकी नाही. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या वास्तूत १९५० आणि १९६० च्या दशकांत जे चालले ते 'रेसिडेन्सी' हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीचे कलानिवासाचेच एक रूप होते. कलावंत तेथे मुक्कामाला नसत, पण नाममात्र भाड्याने त्यांना काम करावयास खोल्या मिळत. गायतोंडे, हुसेन, दशरथ पटेल, नसरीन मोहम्मदी यांच्या रंगशाळा तेथे होत्या. अल्काझींची नाट्यमंडळी होती. रविशंकरांचे 'किन्नर' होते. एकाच्या दारावरून दुसऱ्याने जाताना सतारीचा रियाज ऐकावा आणि नाटकाच्या तालमीला चित्रकाराने जाऊन बसावे, अशी ती वस्ती होती. पुढे ती वास्तू पाडली गेली आणि जागेवर टोलेजंग निवासी इमारत उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीतील एका लिलावात गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले गेले. विक्रेत्याचा नफा झाला, लिलावगृहाला दलाली मिळाली, सरकारला कर मिळाला. ज्या अवस्थेत त्या चित्रकाराचा बाजार जवळजवळ नव्हता त्या अवस्थेत त्याला स्वस्त खोली देणाऱ्या व्यवस्थेकडे यातील एक रुपयाही जाण्याची तरतूद नाही, आणि ती व्यवस्था आता अस्तित्वातही नाही. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो आणि त्याची भरपाई होत नाही, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. येथे तोच प्रकार उलट्या दिशेने घडला: लाभ शेजाऱ्याकडे गेला आणि पेरणाऱ्याचे शेत विकले गेले.

बाजार ज्या गोष्टीची किंमत देत नाही ती गोष्ट कोणी द्यावी, या प्रश्नाला १९८० नंतर जे उत्तर मिळाले ते जाळ्याचे. शिल्पकार अँथनी कॅरो आणि उद्योजक रॉबर्ट लोडर यांनी १९८२ साली न्यूयॉर्क राज्यातील पाइन प्लेन्स येथे अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांतील कलावंतांची दोन आठवड्यांची कार्यशाळा भरविली. तीन देश म्हणून तिचे नाव 'ट्रायँगल'. तिच्यातून आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि आशिया येथे तशाच कार्यशाळा उगवत गेल्या. दिल्लीच्या कलावंतांनी १९९७ साली 'खोज'ची पहिली कार्यशाळा उत्तर प्रदेशातील मोदीनगर येथे घेतली, तीही याच वंशावळीतील. पुढे दिल्लीच्या खिडकी गावात खोजने आपले घर केले. कराचीत 'वस्ल', कोलंबोत 'तीर्थ', ढाक्यात 'ब्रिटो' अशा भगिनी-संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी परस्परांकडे कलावंत पाठविण्यास सुरुवात केली. दक्षिण आशियात राज्यकर्ते जेवढ्या वेळा एकमेकांना भेटले असतील त्याहून अधिक वेळा हे कलावंत एकमेकांच्या घरी जेवले असतील, असे म्हणण्याचा मोह होतो.

येथे एक विसंगती प्रथमपासूनच आहे. कलानिवासाचे ब्रीद प्रक्रिया हे आहे. घाईने काही घडवून दाखविण्याची सक्ती नको, असे तो म्हणतो. पण पैसे देणाऱ्या प्रतिष्ठानाला वर्षाअखेरीस काही तरी दाखवावे लागते. मग निवासाच्या शेवटी रंगशाळा लोकांसाठी खुल्या होतात, वर्ष-दोन वर्षांनी निरनिराळ्या निवासांतील कलावंतांचे समूहप्रदर्शन भरते, त्याची पुस्तिका निघते, आणि ती पुस्तिका पुढील अर्जाला जोडली जाते. समूहप्रदर्शन हे एका अर्थी कलानिवासांच्या जाळ्याचा ताळेबंद होय. त्यात कमीपणा काही नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. तथापि हिशेब देण्याची रीत कलेचे रूपही ठरवू लागते. चार आठवड्यांत उभे राहील, पेटीत मावेल आणि भाषा न कळणाऱ्यालाही पाच मिनिटांत उमगेल, अशा कामाला साहजिकच झुकते माप मिळते. सर्व खंडांतील अशा प्रदर्शनांत एकच काम निरनिराळ्या नावांनी पाहिल्याचा भास का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

हान्स आबिंग या डच अर्थशास्त्रज्ञाने, जे स्वतः कलावंतही आहेत, २००२ साली आणखी एक कडू गोळी दिली होती. कलावंतांना मदत वाढविली की त्यांचे उत्पन्न न वाढता कलावंतांची संख्या वाढते आणि गरिबी तेवढीच राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. युरोपातील उदार अनुदानांच्या संदर्भात त्यात तथ्य असेल. भारतात मात्र जे अनुदान मुळात नाहीच ते वाढल्याने काय होईल याची चिंता करण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

जाळ्याला जाळ्याच्याच तत्त्वावर जगातील सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले, तर काय होते? हा प्रयोग २०२२ साली जर्मनीतील कासेल येथे झाला आणि तो तपशिलाने पाहण्यासारखा आहे. कासेलमध्ये १९५५ पासून भरणारे 'डॉक्युमेंटा' हे शंभर दिवसांचे प्रदर्शन हल्ली पाच वर्षांनी एकदा होते. पंधराव्या खेपेचे संयोजन जाकार्ता येथील 'रुआंगरूपा' या कलासमूहाकडे होते. त्यांनी कल्पना आणली ती 'लुम्बुंग'ची. लुम्बुंग म्हणजे इंडोनेशियातील गावाचे सामाईक भातकोठार. ज्याच्याकडे जे जास्त पिकेल ते त्याने त्यात घालावे आणि कोणाला किती द्यावयाचे हे सर्वांनी बसून ठरवावे. ज्या महाराष्ट्राने दुष्काळात सामाईक पेवे आणि धान्यपेढ्या पाहिल्या आहेत त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. रुआंगरूपाने नामांकित कलावंतांची यादी न करता जगभरातील चौदा समूहांना कोठाराचे सभासद करून घेतले. त्यांत कलानिवास चालविणारे होते, शेतकऱ्यांबरोबर काम करणारे होते, नैरोबीच्या झोपडवस्तीतील मुलांना शिकविणारे होते. बर्लिनच्या एका कलानिवासाने तर आपल्या इमारतीच्या छपराची नाव करून ती नदी-कालव्यांतून कासेलच्या दिशेने हाकली. ढाक्याचे 'ब्रिटो' यांनी तेथे चक्क पाकघर उघडले आणि शंभर दिवस निरनिराळ्या देशांच्या लोकांकडून रांधून घेतले. मिळालेल्या रकमेतील काही भाग सर्वांनी सामाईक निधीत टाकावा आणि त्याचा विनियोग सभेने ठरवावा, अशी योजना होती. प्रदर्शनाचा एकूण खर्च सुमारे ४ कोटी २० लाख युरो होता आणि ७ लाख ३८ हजार लोकांनी ते पाहिले.

परंतु कासेलचे स्मरण आज होते ते पाकघरामुळे नव्हे. १८ जून रोजी प्रदर्शन खुले झाले आणि दोनच दिवसांत इंडोनेशियाच्या 'तारिंग पाडी' या समूहाच्या, मुळात २००२ साली सुहार्तो राजवटीच्या संदर्भात रंगविलेल्या भव्य फलकावर ज्यूंची हीन व्यंगचित्रे असल्याचे उघड झाले. फलक आधी झाकला गेला, मग उतरविला गेला. समूहाने क्षमा मागितली. जुलैच्या मध्यास डॉक्युमेंटाच्या महासंचालिका पायउतार झाल्या. त्या चित्रांचे समर्थन कोणी करू नये, आणि ज्या देशाच्या इतिहासात ज्यूंचा संहार आहे तेथे ती खपवून घेतली जाणार नाहीत हे कोणालाही कळावयास हवे होते. प्रश्न असा की हे काम भिंतीवर चढण्यापूर्वी पाहण्याची जबाबदारी कोणाची होती? सभा सर्वांची, म्हणून उत्तरदायित्वही सर्वांचे, म्हणजे व्यवहारात कोणाचेच नाही. मैत्रीच्या अर्थव्यवस्थेतील ही खरी फट आहे. मित्राच्या कामाची झडती घेणे मित्राला प्रशस्त वाटत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच बोलकी आहे. वाद पेटताच हे स्पष्ट झाले की कोठार सामाईक असले तरी किल्ली पैसे देणाऱ्या शासनाच्या कमरेला होती. तज्ज्ञांची समिती बसली, राजकारणी उतरले, आणि आशियातून-आफ्रिकेतून आलेल्या अनेक समूहांना, ज्यांचा त्या फलकाशी काडीचा संबंध नव्हता, संशयाच्या छायेत उरलेले दिवस काढावे लागले. जॉन मेनार्ड केन्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलची घडी बसविताना, शासनाने पैसा द्यावा पण हात लांब ठेवावा, या तत्त्वाचा पुरस्कार केला होता. तो हात किती लांब राहतो हे शांततेच्या काळात कळत नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये, सोळाव्या खेपेचा संयोजक निवडणाऱ्या समितीतील मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी, २०१९ सालच्या एका निवेदनावरील त्यांच्या सहीवरून उठलेल्या वादळात राजीनामा दिला. काही दिवसांत समितीचे उरलेले सदस्यही बाहेर पडले. नवी निवड करण्यास नवी समिती नेमावी लागली.

कासेलपासून आपल्याकडे वळले तर किल्लीचा प्रश्न अधिकच जवळचा होतो. दक्षिण आशियातील कलानिवासांच्या जाळ्याला दोन जागी कात्री लागली आहे. पहिली सरहद्दीवर. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. ढाक्यात ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यावर तेथील भारतीय व्हिसाकेंद्रांचे काम बरेच आकसले. सुरक्षेचा निर्णय सरकारने घ्यावयाचा असतो आणि हत्याकांडानंतर तो कठोर असणार, हे गृहीत धरलेच पाहिजे. पण कराचीच्या चित्रकाराने दिल्लीत महिनाभर राहावे, हा ज्या व्यवस्थेचा प्राणवायू होता ती यामुळे गुदमरते, हेही खरेच. अशा वेळी मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुलजी यांनी २००० ते २००४ या काळात चालविलेला 'आर-पार' हा उपक्रम आठवतो. कारगिलची जखम ताजी होती. संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्ये सीमेवर उभी होती. कलावंतांना जाता येईना, तेव्हा चित्रे ई-मेलने गेली, पलीकडे छापली गेली आणि रस्त्यावरच्या माणसाच्या हाती पडली. खर्च नगण्य, व्हिसा अनावश्यक. मात्र त्या मार्गाने चित्र जाते. एकत्र जेवण जात नाही.

दुसरी कात्री कायद्याची आहे आणि तिच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. परकीय देणग्यांच्या नियमनाच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास तिने पूर्ण बंदी घातली; प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली; आणि देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारली पाहिजे असा दंडक घातला. गैरव्यवहारांना आळा घालणे हा हेतू सांगितला गेला आणि तशी गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण जाळे म्हणजे काय? एका मोठ्या संस्थेने रक्कम मिळवावयाची आणि ती ज्यांना स्वतः असा अर्ज करता येत नाही अशा पाच लहान संस्थांना वाटावयाची. नेमका हाच व्यवहार आता निषिद्ध आहे. शिवाय कलानिवासाचा खर्च असतो तरी कशाचा? घरभाडे, वीज, व्यवस्था पाहणाऱ्याचा पगार. यांतील बराचसा भाग प्रशासकीय म्हणून गणला जाण्याची भीती कायमची.

देशी पैशाकडे वळावे तर तेथेही दार अर्धेच उघडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्यास सांगितले. त्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती आहेत, पण त्या राष्ट्रीय वारशाच्या जतनाच्या ओळीत. आणि पुढे पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्या कंपनीच्या हिशेबतपासनिसाला मंदिराच्या डागडुजीची पावती समजते. एका तरुणीने सहा आठवडे एका खोलीत बसून काय केले, याची पावती त्याला समजत नाही. वस्तू व सेवा कर परिषदेने २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रे व शिल्पे यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, त्याचे चित्रव्यवसायाने स्वागत केले. सवलत योग्यच होती. परंतु ती मिळते विकल्या गेलेल्या वस्तूला. जी वस्तू अजून झालेली नाही, तिच्या वाट्याला काही येत नाही.

तेव्हा कोचीच्या मैत्रीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. २०२२ साली पाचवी खेप १२ डिसेंबरला उघडावयाची होती. ती २३ डिसेंबरला उघडली, आणि सहभागी कलावंतांपैकी पन्नासहून अधिक जणांनी उघडे पत्र लिहून पोहोचायला उशीर झालेली कामे, गळती छपरे, अपुरे मनुष्यबळ यांची कैफियत मांडली. ते पत्र बिएनालेच्या शत्रूंनी लिहिले नव्हते. या प्रदर्शनावर प्रेम करणाऱ्यांचाच तो सूर होता. मैत्रीवर किती वजन टाकता येते याची मर्यादा त्या पत्रात दिसली. सहाव्या खेपेच्या संयोजकांनी मैत्रीचे नाव उघडपणे घेतले, यात प्रामाणिकपणा आहे. त्या नावापुढे आकडेही लिहिले जावेत, म्हणजे किती कलावंतांना किती मानधन मिळाले, भिंती उभ्या करणाऱ्या सुतारांची देणी कधी चुकती झाली, एवढीच अपेक्षा आहे. केरळ सरकारचा पैसा ज्या प्रदर्शनात आहे त्याच्याकडे ती करणे गैर नव्हे.

महाराष्ट्र आणि गोवा यांना करता येण्यासारखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आधीच लिहिलेली आहे. स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली घातलेल्या '५३-अ' या कलमानुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकल्या जाणाऱ्या मूळ चित्रात कलावंताचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो. तो जास्तीत जास्त दहा टक्के. हे कलम व्यवहारात जवळजवळ निद्रिस्त आहे. ते जागे करावे आणि वाट्यातील एक टक्का, वारस नसल्यास सारा वाटा, कलानिवासांच्या निधीत जमा करावा, असा बदल खासदारांना सुचविता येईल. वरील लिलावातील ६७ कोटी ८ लाखांवर एक टक्का म्हणजे ६७ लाख रुपये. गोव्यासारख्या ठिकाणी एखादे जुने घर भाड्याने घेऊन पाच कलावंतांना काही वर्षे ठेवावयास तेवढे पुरतील.